ड्राय आईजचे ड्रॉप्स चालू केल्यापासून केस विरळ होतायत, काही संबंध असू शकतो का?

शलाका_नाशिक

नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवस नुसती वाचून जाते, आज पहिल्यांदा लिहितेय, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

वय ४६, काम अकाउंट्सचं, म्हणजे सकाळी बसलं की संध्याकाळपर्यंत टॅली, एक्सेल आणि जीएसटीचं पोर्टल. डोळे चुरचुरायचे, वाळू गेल्यासारखं खुपायचं, आणि गंमत म्हणजे पाणीही सारखं यायचं त्यामुळे डोळे कोरडे असतील असं कुणाच्या डोक्यात येणार, नंबर वाढला असेल म्हणून चष्मा बदलून झाला. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांनी ती कागदाची पट्टी पापणीत अडकवून टेस्ट केली, पाच मिनिटांत एका डोळ्याची ४ मिमी आणि दुसऱ्याची ६ मिमीच ओली झाली. मग साधे ल्युब्रिकेटिंग थेंब दिवसातून चारदा आणि सोबत सायक्लोस्पोरिन ०.०५ टक्के, दोन्ही डोळ्यांत सकाळ-संध्याकाळ एकेक थेंब. "लगेच फरक पडणार नाही, तीन ते सहा महिने धीर धरा" असं सांगितलं होतं. दिवाळीच्या आसपास चालू केलं. टाकल्यावर झोंबतं पण खुपणं खरंच कमी झालंय, त्याबद्दल तक्रार नाही.

आता केसांचं. डिसेंबर संपता संपता गळायला लागले ते थांबायचं नावच नाही. न्हायले की बाथरूमच्या जाळीवर पुंजका, उशीवर केस, कणीक मळताना परातीत केस (नवऱ्याने एकदा ताटातून काढून दाखवला, वर हसला). रबरबँडला आधी दोन वेढे पुरायचे आता तीन घ्यावे लागतात. भांगही रुंद वाटतोय पण तो आधीपासून तसा होता की मी आता रोज आरशात बघते म्हणून दिसतोय ते कळत नाही.

भाच्याने नेटवर शोधलं तर म्हणे सायक्लोस्पोरिन हे किडनी ट्रान्सप्लांटवाल्यांना देतात, प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आहे. ते वाचून धसकाच घेतला मी. त्यात ऑफिसातली मैत्रीण म्हणाली तिच्या आईचे केसही डोळ्याच्या ड्रॉप्सनीच गळले होते. डॉक्टरांना विचारलं तर "काही संबंध नाही" एवढंच, ओपीडीत गर्दी होती, पुढचा पेशंट दारात उभाच होता. कुणाला असा अनुभव आहे का? बंद करून बघू का थोडे दिवस?

मनमौजी७१

ताई, सरळ बंद करा. एवढ्याशा कोरडेपणासाठी ट्रान्सप्लांटचं औषध डोळ्यात घालायचं म्हणजे कमालच आहे. आमच्या आजीच्या वेळेला कुठे होते ड्राय आईज. गुलाबपाणी टाका, रात्री तळपायाला तूप चोळा, आवळा खा. केस पण येतील आणि डोळे पण थंड राहतील.

औषधवाला_सांगली

मनमौजी साहेब, तळपायाला तूप चोळायला माझी हरकत नाही, आवळ्यालाही नाही. गुलाबपाणी मात्र डोळ्यात नको. बाजारातली बाटली निर्जंतुक असते याची खात्री काय, त्यात सुगंध आणि प्रिझर्व्हेटिव्ह घातलेले असतात आणि आधीच कोरडा झालेला डोळा त्याने आणखी चिडतो. आणि आजीच्या वेळी आजी दिवसभर टॅली बघत नव्हती हो. माणूस एरवी मिनिटाला पंधराएक वेळा पापणी लवतो, स्क्रीनवर डोळे लावून बसला की ते निम्म्याच्याही खाली येतं.

शलाकाताई, मी फार्मसिस्ट आहे, डॉक्टर नाही, तेवढं धरून वाचा. सायक्लोस्पोरिन हे ट्रान्सप्लांटचं औषध आहे हे भाच्याचं खरं आहे. पण किती जातंय ते बघा. ०.०५ टक्के म्हणजे एका मिलीत अर्धा मिलिग्रॅम. थेंब मोठ्यात मोठा ०.०५ मिलीचा धरा, दोन डोळे, दोन वेळा, चार थेंब, सगळं मिळून दिवसाला ०.१ मिलिग्रॅम. तेच औषध सोरायसिसला पोटातून देतात तेव्हा किलोमागे २.५ मिलिग्रॅमने सुरुवात करतात, साठ किलोच्या माणसाला दिवसाला १५० मिलिग्रॅम. दीड हजार पट फरक झाला. आणि त्या ०.१ मधलंही बरंचसं गालावर ओघळतं. या ड्रॉप्सना अमेरिकेत २००२ च्या डिसेंबरात मंजुरी मिळाली, त्यांच्या माहितीपत्रकात लिहिलेलं आहे की दिवसातून दोनदा असे बारा महिने टाकूनही रक्तात औषध मोजण्याइतकं सापडलं नाही, आणि मोजणीची हद्द होती एका मिलीत ०.१ नॅनोग्रॅम. इतकं कमी औषध रक्तातून डोक्याच्या कातडीपर्यंत जाऊन केसांची मुळं ढिली करेल हे मला तरी पटत नाही.

माहितीपत्रकात साइड इफेक्ट म्हणून सगळ्यात वर आहे ते झोंबणं, शंभरात सतरा जणांना. मग लाली, चिकटा, खाज, धूसर दिसणं. केस गळणं त्यात नाही.

आणि अजून एक, जे ऐकून तुम्हाला हसू येईल. हेच औषध पोटातून घेतलं तर केस गळत नाहीत, उलट नको तिथे वाढतात.

कऱ्हाडचा_बाळू

औषधवाले भाऊ बरोबर बोलतायत, घरातलं उदाहरण आहे. माझ्या मोठ्या भावाची किडनी बदलली त्यानंतर बरीच वर्षं तो सायक्लोस्पोरिनच्या कॅप्सूल घ्यायचा. कपाळावर केस, कानावर केस, भुवया एकमेकींना भेटायला आलेल्या. हिरड्या पण सुजून दातांवर यायच्या. वहिनी म्हणायची याला घेऊन न्हाव्याकडे जाऊ का दातांच्या डॉक्टरकडे. नंतर त्याला टॅक्रोलिमसवर टाकलं तर झालं उलटं, डोक्यावरचे केस विरळ झाले. दोन्ही एकाच कुळातली औषधं आणि एक केस वाढवतं दुसरं घालवतं, डॉक्टरांनीच सांगितलं होतं की दोन्ही माहितीतले साइड इफेक्ट आहेत. कदाचित नेटवर लोक ह्या दोघांची गल्लत करत असतील, "ट्रान्सप्लांटच्या औषधाने केस गेले" एवढंच वाचतात आणि पुढे ढकलतात.

औषधवाला_सांगली

बाळूभाऊ, लाख बोललात. काही ठिकाणी चाई पडल्यावर, म्हणजे गोल चकत्यांनी केस जातात त्यावर, सायक्लोस्पोरिन पोटातून दिलेलंही आहे. तो भाग वेगळा, त्वचारोगवाल्यांचा.

रेवा_डोंबिवली

शलाका, तुझ्या मैत्रिणीच्या आईला नक्की कुठले ड्रॉप्स होते ते एकदा विचार ना. "डोळ्याचे ड्रॉप्स" म्हणजे सगळे एक नसतात. माझ्या सासूबाईंना काचबिंदू आहे, त्यांना टिमोलॉल चालू होतं आणि त्यांचे केस खरंच गळले होते, फक्त डोक्याचेच नाही तर भुवयाही विरळ झाल्या. आधी आम्ही सगळ्यांनी वयावर ढकललं, मग डॉक्टरांनी दुसऱ्या कारणासाठी (नाडी फार कमी झाली होती, ५० च्या खाली) तो ड्रॉप बदलला आणि नंतरच्या काही महिन्यांत केस गळायचे कमी झाले. योगायोग असेल नसेल माहीत नाही.

औषधवाला_सांगली

रेवाताई, योगायोग नसावा बहुतेक. टिमोलॉल हा बीटा ब्लॉकर, म्हणजे बीपी आणि हृदयासाठी देतात त्या गटातला. त्याच्या माहितीपत्रकात केस गळणं लिहिलेलं आहे, आणि काचबिंदूच्या बीटा ब्लॉकर थेंबांनी केस गेल्याच्या केसेस १९९० मध्येच डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आल्यात. याचं कारण असं की डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात बारीक भोक असतं, तिथून थेंब नळीवाटे नाकात उतरतो (म्हणूनच घशाला कडू लागतं) आणि नाकाच्या अस्तरातून थेट रक्तात. पोटातून गेलेली गोळी आधी लिव्हरमध्ये जाते, तिथे तिचा बराच भाग खलास होतो, हा थेंब तो टोलनाका चुकवून जातो. शिवाय टिमोलॉल ०.५ टक्के म्हणजे शलाकाताईंच्या ड्रॉपच्या दहापट तीव्र. त्यामुळे नाडी मंद होणं, दमा उसळणं हे सगळं डोळ्यातल्या थेंबाने होऊ शकतं. दमेकऱ्यांनी काचबिंदूचा ड्रॉप घेताना दम्याचं सांगायलाच पाहिजे, दुकानात मी आवर्जून विचारतो आणि लोक म्हणतात डोळ्याचा नि छातीचा काय संबंध.

यावर सोपा उपाय, जो कुठल्याही ड्रॉपला चालतो: थेंब टाकला की डोळा मिटायचा आणि नाकाकडचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं हलकेच दाबून धरायचा. औषध डोळ्यात राहतं, नाकात कमी उतरतं. आणि एका वेळी एकच थेंब, डोळ्यात दुसऱ्याला जागाच नसते, तो गालावर जातो आणि बाटली लवकर संपते.

काचबिंदूचा ड्रॉप कुणी हे वाचून बंद करू नका हं. गेलेली नजर परत येत नाही. डॉक्टरांना सांगून बदलून घ्या, पर्याय आहेत. काहींनी तर पापण्या लांब दाट होतात, बिमाटोप्रोस्ट त्यासाठीच वेगळं विकायला २००८ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली.

एडिसनवाली

मी न्यू जर्सीत असते आणि मला थोडं वेगळं म्हणायचंय. सगळे म्हणतायत ड्रॉप्सने होत नाही पण माझं झालंय. मला लिफिटेग्रास्ट दिलं होतं, ते पण ड्राय आईजचंच प्रिस्क्रिप्शनवालं. टाकलं की तोंडाला इतकी विचित्र चव यायची की सकाळचा चहा फुकट जायचा. आणि दोन-तीन महिन्यांत केस इतके गेले की शॉवरचा ड्रेन तुंबला. डॉक्टर म्हणाली नॉट रिलेटेड. पण इथे रिव्ह्यू साइट्सवर बघा, माझ्यासारख्या कितीतरी जणींनी लिहिलंय. पेशंटचं कुणी ऐकतच नाही हा माझा अनुभव आहे, माहितीपत्रकात नाही म्हणजे होतच नाही असं कसं?

औषधवाला_सांगली

तुमचा मुद्दा रास्त आहे, खोडून काढत नाही. चवीचं तर माहितीपत्रकातच आहे, ५ ते २५ टक्के लोकांना होतं. केसांचं त्यात नाही, पण बाजारात आल्यावर लाखो लोक वापरतात तेव्हा आधी न दिसलेलं काही वर येऊ शकतं, टिमोलॉलचंही तसंच कळलं. म्हणून तर कळवायची सोय असते. आपल्याकडे भारतात फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्राम (औषधांचे दुष्परिणाम नोंदवणारा) आहे, गाझियाबादचं इंडियन फार्माकोपिया कमिशन चालवतं, १८००-१८०-३०२४ हा फुकटचा नंबर, डॉक्टरच हवा असं नाही, पेशंटही कळवू शकतो. तुमच्याकडे एफडीएचं, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामकाचं, मेडवॉच आहे.

रिव्ह्यू साइटची अडचण एवढीच की ज्यांचे केस गेले नाहीत ते "माझे केस गेले नाहीत" असं लिहायला येत नाहीत. आणि ड्राय आईज कुणाला होतात? चाळिशी-पन्नाशीच्या बायकांना जास्त. केस विरळ कुणाचे होतात? त्यांचेच. कुठलंही औषध त्या वयात चालू केलं तरी त्यातल्या काहींचे केस त्याच सुमारास गळणार.

एक विचारू का, त्या काळात दुसरं काही चालू-बंद केलं होतं? गर्भनिरोधक गोळ्या बंद केल्या, ऑपरेशन, डाएट?

एडिसनवाली

वजनाचं इंजेक्शन घेत होते आठवड्याचं. बरंच वजन उतरलं होतं. पण ते केसांसाठी कुणी बोललं नाही मला.

औषधवाला_सांगली

सेमाग्लुटाइड असेल तर वजनाच्या डोसच्या माहितीपत्रकात केस गळणं आहे, औषध घेणाऱ्यांत ३ टक्के आणि नुसतं खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांत १ टक्का. वजन झपाट्याने उतरलं की केस तसेही गळतात, इंजेक्शन असो की उपास. त्यामुळे ड्रॉपवरच शिक्का मारण्याआधी ते तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाला.

एडिसनवाली

हं. विचारते. तरी ड्रॉप मी परत घेणार नाही, ती चवच नको.

मृण्मयी_पुणे

शलाका, मी पेशंट म्हणून लिहितेय, माझं वेगळ्याच रस्त्याने इथे येणं झालं. ड्रॉप्समुळे केस गेले का हा प्रश्न मीही विचारत बसले होते, पण माझ्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी प्रश्न उलटा केला, म्हणाल्या डोळे कोरडे *का* झाले ते बघू, कदाचित केसांचं उत्तर तिथेच असेल. कारण डोळे सुकवणारी आणि केस घालवणारी कारणं बऱ्याचदा तीच असतात. थायरॉइड कमी असलं तर दोन्ही. पाळी जायच्या सुमारास दोन्ही. ल्युपस, शोग्रेन असले ऑटोइम्यून आजार असले तर दोन्ही.

मला शोग्रेन निघाला. यात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती अश्रू आणि लाळ बनवणाऱ्या ग्रंथींवर उठते, दहात नऊ पेशंट बायका. टेनिसवाली व्हीनस विल्यम्स २०११ मध्ये अमेरिकन ओपनमधून बाहेर पडली ना, ती याच्यामुळे. मला आधी फक्त डोळे आणि केस एवढंच वाटायचं. मग विचारत गेल्या तसं एकेक निघालं: कोरडी भाकरी पाण्याशिवाय घशाखाली उतरायची नाही, वरचेवर दात किडायचे, बोटांचे सांधे सकाळी आखडलेले, आणि थकवा असा की दुपारी खुर्चीतच मान पडायची. या सगळ्याचा डोळ्यांशी काही संबंध असेल हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं कारण प्रत्येक गोष्टीचा डॉक्टर वेगळा. रक्तात एएनए आणि अँटी-रो, अँटी-ला (स्वतःच्याच शरीरावर उठणारी प्रतिपिंडं) बघतात, गरज पडली तर ओठाच्या आतल्या बारीक ग्रंथीचा तुकडा काढून तपासतात. पाठवतात ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे सांध्यांच्या आणि असल्या ऑटोइम्यून आजारांच्या डॉक्टरकडे.

घाबरवायला लिहीत नाहीये, बहुतेकींना हे निघत नाही. पण तुझ्या पट्टीचा आकडा ५ च्या खाली आहे एका डोळ्यात, ते नुसत्या कॉम्प्युटरवर ढकलू नकोस. तोंड कोरडं पडतं का?

आदित्य_२४

दोन्ही एकदम होतात याला माझ्या वयाचं कारण पण लिहितो. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनोइन घेत होतो, ओठ फाटले, डोळे कोरडे, लेन्स घालता येईनात, आणि केस पातळ झाले. डोळ्यांच्या डॉक्टरने ड्रॉप दिले आणि आई म्हणत बसली की ड्रॉपने केस गेले. गोळीचा कोर्स संपल्यावर दोन्ही हळूहळू सुधारलं. ताईंना लागू नाही पण कुणी तरुण वाचत असेल तर.

शलाका_नाशिक

बापरे केवढं लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. एकेक उत्तर देते.

मैत्रिणीला विचारलं. तिच्या आईचे ड्रॉप्स काचबिंदूचेच! टिमोलॉल आणि अजून एक काहीतरी मिळून एकाच बाटलीत. आणि त्या माउलींनी तो ड्रॉप केसांसाठी मध्येच बंद पण केला होता म्हणे, डॉक्टर खूप रागावले. बरं झालं विचारलं, मी इथे उगाच धास्तावून बसले होते.

एक गोष्ट आधी लिहिली नाही कारण संबंध वाटला नव्हता. सप्टेंबरच्या शेवटी मला डेंग्यू झाला होता, प्लेटलेट ३८ हजारांवर आलेल्या, सलाईन वगैरे सगळं. त्यानंतर भूकच नव्हती बरेच दिवस. पाळी वर्षभरापासून अनियमित आहे, येते तेव्हा अंगावरून खूप जातं. हिमोग्लोबिन ११.८ होतं डेंग्यूच्या वेळी.

तोंड कोरडं… आता मृण्मयी तू विचारलंस म्हणून, पाण्याची बाटली उशाशी असतेच माझ्या. पण मला वाटायचं ऑफिसातल्या एसीमुळे. दात किडलेत तसे दोन, पण ते कुणाचे किडत नाहीत.

आणि जानेवारीपासून केसांसाठी बायोटिनच्या (एक व्हिटॅमिन) गोळ्या घेतेय, १० मिलिग्रॅमच्या, बहिणीने दिल्या.

रेवा_डोंबिवली

अगं डेंग्यू! हे पहिल्या ओळीत लिहायचं होतंस. आमच्या बिल्डिंगमध्ये डेंग्यू-चिकनगुनियाची साथ झाली त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी निम्म्या बायका केस गळतायत म्हणून रडत होत्या, सगळ्यांनी टँकरच्या पाण्याला शिव्या घातल्या. कोविडनंतरही तसंच झालेलं आठवत नाही का.

औषधवाला_सांगली

हे ऐकून चित्र बरंच बदललं. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, उपासमार, यातलं काही झालं की बरेचसे केस एकदमच वाढ थांबवून विश्रांतीत जातात. त्या वेळी काहीच दिसत नाही. दोन-तीन महिन्यांनी खालून नवा केस ढकलायला लागला की जुने सगळे एकदम सुटतात. याला टेलोजन एफ्लुव्हियम म्हणतात. सप्टेंबरअखेर डेंग्यू, डिसेंबरअखेर केस, हिशोब अगदी बसतो. ड्रॉप मध्ये दिवाळीत आला म्हणून आळ त्याच्यावर आला. हे गळणं साधारण सहा महिन्यांत आपोआप ओसरतं, पण केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे रबरबँडचे दोन वेढे परत यायला वर्ष-दीड वर्षही लागेल, तोवर रोज मोजत बसू नका. रोज ५० ते १०० केस तर धडधाकट माणसाचेही गळतात.

भांग रुंद होत असेल तर ते मात्र वेगळं प्रकरण असू शकतं, अनुवंशिक पातळ होणं, ते या वयात सुरू होतं आणि आपोआप थांबत नाही. दोन्ही एकत्रही असतात. ते इथे लिहून कळणार नाही, त्वचेच्या डॉक्टरांनी डोकं बघायला हवं, भिंगाने बघतात, केस हलके ओढून बघतात. मिनॉक्सिडिल (केस वाढवायचं औषध) स्वतःच्या मनाने चालू करू नका, सुरुवातीच्या आठवड्यांत त्याने गळणं वाढतं आणि तुम्ही परत इथे "आता मिनॉक्सिडिलने केस गेले" असा धागा काढाल :)

तपासण्यांमध्ये टीएसएच (थायरॉइडची), सीबीसी (रक्तपेशींची) आणि फेरिटिन डॉक्टरांना विचारा. हिमोग्लोबिन ११.८ म्हणजे बाईच्या मानाने किंचित कमीच, आणि अंगावरून एवढं जातंय तर साठवणीतलं लोह, म्हणजे फेरिटिन, तळाला गेलेलं असू शकतं. लोहाच्या गोळ्या मात्र रिपोर्ट बघूनच.

आणि आता बायोटिन. हे महत्त्वाचं आहे, लक्ष देऊन वाचा. थायरॉइडच्या बऱ्याच टेस्टमध्ये बायोटिनचाच वापर केलेला असतो, त्यामुळे रक्तात जास्त बायोटिन असलं की रिपोर्ट चुकतो. टीएसएच खोटाच कमी दिसतो, टी-४ (थायरॉइडचं हार्मोन) खोटाच जास्त. म्हणजे थायरॉइड कमी असलेल्या बाईचा रिपोर्ट नॉर्मल किंवा उलटा येऊ शकतो. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये यावर इशारा काढला होता, हृदयविकाराच्या ट्रोपोनिन टेस्टलाही हा घोळ लागू आहे. शरीराची रोजची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास, तुमची गोळी १० मिलिग्रॅमची, तीनशे पटीहून जास्त. रक्त द्यायच्या आधी किमान दोन दिवस बंद ठेवा, लॅबला आणि डॉक्टरांना सांगा. खरं तर कमतरता नसलेल्या माणसाचे केस बायोटिनने वाढतात याला पुरावाच फारसा नाही, पण गिऱ्हाईक मागतं आणि आम्ही देतो.

मृण्मयी_पुणे

एसीचं मी पण म्हणायचे. एएनए आणि अँटी-रो डॉक्टरांकडे स्वतःहून काढ विषय. तोंडाचं आणि दातांचं डोळ्यांच्या डॉक्टरांना सांग, त्यांना विचारल्याशिवाय कसं कळणार. काही निघालं नाही तर उत्तमच. आणि शोग्रेन निघाला तरी केस त्यानेच गेले असं नसतं बरं का, मला शोग्रेनसाठी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालू आहे आणि फेरिटिन ९ होतं, केसांचा मुख्य चोर शेवटी तो कमी फेरिटिनच ठरला.

मनमौजी७१

बरं बाबा, गुलाबपाणी मागे घेतो. पण एरंडेल तरी चालेल ना केसांना आणि डोळ्यांना? आमच्याकडे अजून काजळात घालतात.

औषधवाला_सांगली

केसांना लावा, निदान चमक येईल, धुताना तेवढे हाल. डोळ्यात नको. गंमत म्हणजे ताईंच्या त्या ड्रॉपमध्ये एरंडेलच आहे, सायक्लोस्पोरिन पाण्यात विरघळत नाही म्हणून एरंडेलाच्या बारीक थेंबांत घालून दुधाळ मिश्रण केलेलं असतं. पण ते शुद्ध केलेलं, निर्जंतुक आणि मोजून. दुकानातली बाटली डोळ्यात ओतणं म्हणजे ते नव्हे.

शलाका_नाशिक

बायोटिनचं ऐकून मी थक्क झाले, बहिणीला फॉरवर्ड केलं, तिची तर थायरॉइडची गोळी चालू आहे आणि डोस सारखा वरखाली होतोय. बंद केलंय आजपासून. ड्रॉप चालूच ठेवते. शनिवारी फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन तपासण्या लिहून घेते, दातांचं आणि तोंडाचं पण सांगेन, आणि त्वचेच्या डॉक्टरांचा नंबर लावते.

शेवटचं एक विचारू का, ल्युब्रिकंट आणि सायक्लोस्पोरिन मी एकापाठोपाठ एक टाकते, सकाळी घाई असते. चालतं का? आणि झोंबतं म्हणून फ्रिजमध्ये ठेवलं तर? माझ्या छोट्या छोट्या एकदा वापरायच्या कुप्या आहेत, एक उघडली की संध्याकाळपर्यंत पुरवते मी, महाग पडतं हो.

औषधवाला_सांगली

एकापाठोपाठ नको, दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. मध्ये पंधरा मिनिटं जाऊ द्या, एक ब्रश-अंघोळीआधी आणि एक नंतर असं बसवा.

कुपी संध्याकाळपर्यंत पुरवायची नाही. त्यात प्रिझर्व्हेटिव्ह नसतं, म्हणूनच ती कोरड्या डोळ्याला चांगली, आणि म्हणूनच उघडल्यावर जंतू वाढायला मोकळी. दोन्ही डोळ्यांत टाकून लगेच फेकायची. महाग पडत असेल तर डॉक्टरांना विचारून बाटलीतला ब्रँड लिहून घ्या, आपल्याकडे मिळतात, उघडल्याची तारीख वर पेनाने लिहायची आणि महिन्याने टाकून द्यायची. फ्रिजचं आधी तुमच्या खोक्यावर काय लिहिलंय ते बघा, काहींवर २५ अंशांखाली ठेवा एवढंच असतं, मग वापरायच्या थोडा वेळ आधी गार केलं तर झोंबणं कमी जाणवतं. फ्रीझरमध्ये मात्र नाही, ते दुधाळ मिश्रण फुटतं.